खडकावरची एकतीस नावं

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीला चालत जाता येतं. त्या वाटेने जाणारे पुष्कळ, वाटेतल्या खडकांकडे निरखून पाहणारे थोडे. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या काळ्या पाषाणावर, शेवाळाच्या आसपास, खडकाच्याच रंगाचा एक मऊ, फोडाफोडांचा जीव सरकताना दिसू शकतो. पाठीवर शंख नाही. हलला नाही तर दगडापासून वेगळा ओळखूही येत नाही. ही एक गोगलगाय आहे, तिच्या प्रजातीगटाचं नाव पेरोनिया. किहीम असो, कोर्लई, मुरुड की हरिहरेश्वर, भरतीत बुडणारा आणि ओहोटीत उघडा पडणारा खडक ही तिची जागा.

या जीवाबद्दल जितकं वाचावं तितका माणूस थक्क होत जातो. ही समुद्रातली गोगलगाय हवेत श्वास घेते, तिला फुप्फुस आहे. आणि तरीही पाठीच्या मागच्या भागावर शाखाशाखांचे कल्ले आहेत. पाणी चढलं की ते उमलतात. चरायला ती कपारीतून बाहेर पडते आणि आपणच मागे सोडलेल्या चिकट रेषेचा माग काढत पुन्हा त्याच कपारीत परतते. डोक्यावरच्या दोन शिंगांच्या टोकांना दोन डोळे आहेतच. शिवाय पाठीवरच्या काही फोडांवरही डोळे आहेत, भिंग आणि पडदा असलेले खरेखुरे डोळे!

या पाठीवरच्या डोळ्यांचं वर्णन कार्ल सेम्पर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७७ साली केलं. त्याला दिसलं की या डोळ्यांच्या पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी प्रकाशाकडे पाठ करून बसल्या आहेत. ही रीत आपल्या, म्हणजे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या डोळ्यांची. त्याच गोगलगायीच्या डोक्यावरच्या डोळ्यांत मात्र त्या पेशी गोगलगायींच्या रीतीने, प्रकाशाकडे तोंड करून असतात. एकाच अंगावर दोन घडणींचे डोळे. ते पाठीवर कशासाठी आले असावेत, याचाही सेम्परने विचार केला. त्याचा तर्क असा की, या कुळातल्या गोगलगायींना चिखलात उड्या मारत येणाऱ्या निवटीपासून सावध राहावं लागतं आणि निवटी येते ती वरून. रायगडच्या खाड्यांकाठी राहणाऱ्याला निवटीची ओळख करून द्यायला नको. ताटातल्या कालवणामुळे ती ठाऊक असतेच. तिच्या भीतीने कुणाच्या पाठीवर डोळे फुटले असतील, ही कल्पना मात्र मला अजूनही विलक्षण वाटते.

आता प्रश्न असा की, हा जीव आहे कुणापैकी? अंगाला विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. कल्ले म्हणतात, मी समुद्रातल्या गोगलगायींपैकी. फुप्फुस म्हणतं, मी जमिनीवरच्यांपैकी. प्राणिशास्त्रज्ञांमध्ये यावर दीर्घकाळ वाद चालला, आणि दोन्ही बाजूंचे लोक अभ्यासू होते. अंग कापून, शिरा-नसा मोजून, जननसंस्थेची चित्रं काढून त्यांनी पुरावे मांडले. अंग पाहून नातं ठरवण्यात एक मोठी अडचण असते. अंग जागेला जुळवून घेतं. लाटांचा मार, ऊन, मिठाचं पाणी, शत्रू या सगळ्यांनी ते घडत जातं. एकाच जागी राहणारे परके सारखे दिसू लागतात आणि दूर गेलेले सख्खे ओळखू येईनासे होतात. पेशींच्या आतली डीएनएची अक्षरं मात्र बरीचशी जागेच्या मर्जीबाहेर बदलत राहतात. तो पुरावा हाती आल्यावर उत्तर स्पष्ट झालं. पेरोनियाचं कूळ फुप्फुसवाल्या गोगलगायींच्या मोठ्या शाखेत बसतं. पावसाळ्यात परसदारी, केळीच्या बुंध्याशी दिसणारी ती काळी, चपटी, बिनशंखाची गोगलगाय आठवा. लेव्हिकॉलिस आल्टे हे तिचं शास्त्रीय नाव. ती मूळची आफ्रिकेकडची मानली जाते. वंशवृक्षावर तिची फांदी आणि पेरोनियाची फांदी जवळजवळ आहेत. समुद्रातल्या रंगीबेरंगी बिनशंखी गोगलगायी त्या मानाने दूर पडतात.

म्हणजे पाठीवरचे ते कल्ले जुने नाहीत. पूर्वजांचे गेलेले कल्ले परत आले नाहीत, पाठीच्या कातडीतून नवेच घडले. आणि या कुळात ते फक्त पेरोनियालाच आहेत.

या गोगलगायींच्या नावांचा इतिहास भारतातूनच सुरू होतो. १८०० साली फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने बंगालमध्ये पाणकणसाच्या पानांवर पाहिलेल्या अशा एका गोगलगायीला ओंकिडियम हे नाव दिलं. चारच वर्षांनी पॅरिसमध्ये जॉर्ज क्युव्हिएने, प्रवासी निसर्गशास्त्रज्ञ फ्रांस्वा पेरों याच्या सन्मानार्थ, दुसऱ्या एका जातीला पेरोनी म्हटलं. १८३० साली त्याने आणखी एका जातीचं नाव ठेवलं, व्हेरुक्युलाटा. पुढे मुंबईत पी. आर. आवटी आणि के. आर. करंदीकर यांनी याच व्हेरुक्युलाटावर एक सबंध ग्रंथ लिहिला. तिची शरीररचना, गर्भविकास आणि राहणी सांगणारा हा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९४८ साली प्रसिद्ध केला. खडकावर कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या एका जीवासाठी मराठी माणसांनी अशी वर्षं द्यावीत, याचा मला फार अभिमान वाटतो.

दरम्यान जगभर नावांचं पीक आलं होतं. कारण उघड आहे. जिवंत असताना हा जीव एका आकाराचा असतो. दारूत ठेवला की आक्रसतो, रंग जातो, कल्ले मिटतात. युरोपातल्या संग्रहालयात बसून बरणीतला आक्रसलेला नमुना पाहणाऱ्याला प्रत्येक बरणीत नवी जात दिसू शकते. आफ्रिकेचं टोक ते हवाई एवढ्या मोठ्या समुद्रपट्ट्यातून असे नमुने येत राहिले आणि नावं साचत गेली.

हा गुंता सोडवण्यासाठी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे बेन्वा डेरा आणि त्यांचे सहकारी किनारे फिरले. ओंकिडियमचा फेरआढावा त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत तेव्हा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत असलेले दीपक आपटे आणि कोकणातल्या समुद्री गोगलगायींचे अभ्यासक विशाल भावे यांची नावं आहेत. पेरोनियाचा आढावा २०२० साली आला, दोनशेहून जास्त पानांचा. आपटे त्यातही आहेत. दक्षिण आफ्रिकेपासून हवाईपर्यंतचे ताजे नमुने, जुन्या संग्रहालयांतले मूळ नमुने, शरीराची चिरफाड आणि डीएनए असा सगळा पुरावा एकत्र मांडला तेव्हा निकाल आला तो असा: पेरोनियाची उपलब्ध नावं ३१. त्यातली टिकली फक्त ४. बाकीची २७ कुठल्या ना कुठल्या कारणाने बाद; बरीचशी एकाच जातीची दुसरी-तिसरी नावं निघाली. आणि त्याच वेळी डीएनएने ५ अशा जाती दाखवल्या ज्यांना नावच नव्हतं. एकूण ९. म्हणजे एकीकडे एका जिवाला अनेक नावं आणि दुसरीकडे पाच जीव बिननावाचे, तेही ओहोटीला हाताने उचलता येतील अशा ठिकाणी. बाहेरून पाहून यातल्या कित्येक जाती वेगळ्या करता येत नाहीत. आतले अवयव आणि डीएनएची अक्षरं पाहिल्यावरच फरक कळतो.

ही अक्षरं वाचून नातं कसं कळतं, हे समजून घ्यायला आपल्याकडे एक उत्तम उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. देशभरातून १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. मूळ प्रत कुठेच नव्हती; होत्या त्या नकलांच्या नकला. नक्कल करणाऱ्याचा हात एखाद्या जागी चुकतो आणि त्या प्रतीवरून पुढे उतरलेल्या सगळ्या प्रतींत ती चूक उतरते. दहा पोथ्यांत एकच चूक एकाच जागी सापडली, तर त्या दहांची आई एक, असं समजायचं. या आवृत्तीचे संपादक वि. स. सुखठणकर यांनी पाठभेदांवरून पोथ्यांची घराणी लावली ती या न्यायाने.

डीएनएचंही तसंच. पिढ्यानपिढ्या नक्कल होत येते, मधूनच अक्षर बदलतं आणि बदललेलं अक्षर वंशात उतरतं. सगळ्यांत जसंच्या तसं राहिलेलं अक्षर नात्याबद्दल काही बोलत नाही; बोलतो तो काहींनीच मिळून वाटून घेतलेला बदल. दोन लेखनिकांकडून एकमेकांना न विचारता तीच चूक होऊ शकते, तशी दोन वंशांत तीच अदलाबदल स्वतंत्रपणे घडू शकते. म्हणून एका अक्षरावर विसंबता येत नाही. शेकडो-हजारो अक्षरं घेऊन कुठला वृक्ष सर्वांत संभाव्य, याचं गणित करावं लागतं. आणि कधी एखादा लेखनिक दोन पोथ्या समोर ठेवून तिसरी उतरवतो. प्राण्यांत याला संकर म्हणतात, आणि तो ओळखणं सगळ्यांत अवघड.

म्हणूनच पेरोनियाच्या अभ्यासात दोन वेगळ्या ठिकाणची अक्षरं वाचली गेली. काही पेशीतल्या माइटोकॉन्ड्रियातली, जी सहसा फक्त आईकडून येतात. आणि काही केंद्रकातली, जी आई-बाप दोघांकडून येतात. दोन्ही साक्षी जुळल्या की जात वेगळी मानायला आधार भक्कम होतो. एकट्या माइटोकॉन्ड्रियाच्या साक्षीवर निकाल देणाऱ्यांनी घाई केली, असं माझं मत आहे. आईची बाजू ऐकून सबंध घराण्याचा इतिहास लिहिता येत नाही.

प्रत्यक्ष काम दिसायला साधं असतं. पायाच्या मांसाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा, जीव जिवंत असतानाचा फोटो आणि जागेची नोंद करायची, उरलेला नमुना संग्रहालयात जपायचा. मग प्रयोगशाळेत डीएनए वेगळा करून हव्या त्या जनुकाच्या लाखो प्रती काढायच्या. त्यासाठी जनुकाच्या दोन टोकांना चिकटणारे छोटे तुकडे लागतात. १९९४ साली फोल्मर आणि सहकाऱ्यांनी असे दोन तुकडे प्रसिद्ध केले. ते बहुतेक सगळ्या प्राण्यांत एकाच जनुकाला जाऊन चिकटतात, आणि ते सापडले अपृष्ठवंशी, विशेषतः समुद्रातल्या, प्राण्यांवर काम करताना. पुढे त्याच जनुकातली ६५८ अक्षरं ‘डीएनए बारकोड’ म्हणून पक्षी, मासे, फुलपाखरं सगळ्यांसाठी वापरात आली. बिनकण्याच्या प्राण्यांसाठी शोधलेली किल्ली सगळ्या प्राणिसृष्टीला लागली.

हे सगळं गोगलगायीपुरतं असतं तर अभ्यासकांच्या कपाटात राहिलं असतं. पण रायगडच्या बाजारात रोज विकल्या जाणाऱ्या चिंबोरीचंही हेच झालं होतं. कुंडलिकेच्या किंवा राजपुरीच्या खाडीत, खारफुटीच्या चिखलात राहणारी मोठ्या डेंग्यांची चिंबोरी शास्त्रज्ञांच्या भाषेत सायला. फोर्स्कोलने १७७५ साली तांबड्या समुद्रातून तिच्या एका जातीचं नाव ठेवलं, सेराटा. मग आणखी नावं आली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात कुणी अनेक जाती मानल्या, कुणी सगळ्या एकच म्हणून गुंडाळून टाकल्या. १९९८ साली कीनन, डेव्ही आणि मान यांनी प्रथिनं, डीएनए आणि कवचाची मोजमापं एकत्र तपासून जाती चार असल्याचं दाखवलं. भारतात मात्र गोंधळ चालूच राहिला. २०१४ साली आपल्या किनाऱ्यांवरच्या चिंबोऱ्यांच्या डीएनएचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याच्या मथळ्यातच निकाल होता: भारतीय किनारी पाण्यात जाती फक्त दोन. सेराटा आणि ऑलिव्हेसिया.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे जिला ट्रँक्वेबारिका म्हणत, ती मोठी, हिरवट, पायांवर जाळीदार नक्षीची चिंबोरी म्हणजे खरी सेराटा. आणि जिला आपण सेराटा म्हणत आलो, ती लहान, तांबूस चिंबोरी म्हणजे ऑलिव्हेसिया. नावं एकेक घर सरकली होती! भारतातल्या जुन्या शोधनिबंधांत सेराटाची वाढ, सेराटाची अंडी, सेराटाचं खाणं म्हणून जे छापलं आहे, त्यातलं बरंच ऑलिव्हेसियाचं असणार. चिंबोरीच्या पिल्लांचं संगोपन करणाऱ्याला याने मोठा फरक पडतो. दोघींची वाढ सारखी नाही, आणि भावही सारखा नाही. चिंबोरीसाठी खाडीत फग टाकणाऱ्या माणसाला या दोघी नजरेने वेगळ्या कळतात. त्याने कधी त्यांना एक मानलं नव्हतं. त्याची नजर खरी होती, कागदावरची नावं तिच्यापर्यंत पोचायला २०१४ उजाडलं.

कालवांची कथा याहून अवघड. खडकाला चिकटलेलं कालव ज्या फटीत वाढेल त्या फटीचा आकार घेतं, त्यामुळे शिंपल्यावरून जात ओळखणं जवळपास व्यर्थ. आवटी यांनी एच. एस. राय यांच्याबरोबर १९३१ साली ‘मुंबईचं कालव’ म्हणून ज्यावर ग्रंथ लिहिला, त्या खडकावरच्या कालवाला तेव्हा ऑस्ट्रिआ कुकुलाटा म्हणत, आता सॅकॉस्ट्रिआ कुकुलाटा म्हणतात. २००६ साली हाँगकाँगच्या लॅम आणि मॉर्टन यांनी हिंदी व प्रशांत महासागरातून या एकाच नावाची कालवं गोळा करून त्यांचा डीएनए वाचला, तेव्हा त्या नावाखाली सात वेगळ्या वंशरेषा निघाल्या. लोखंडी टोकाने वरचं कवच फोडून आतलं मांस काढणाऱ्या बायांच्या हाताखालून शंभर वर्षं जे जात होतं ते एकच आहे, असं जगाने गृहीत धरलं होतं.

आता त्याच खडकावर अजून थोडं निरखून पाहा. कालवाशेजारी पांढरट, टोकदार, चुन्याचे छोटे सुळके असतात. अनवाणी पायाला कापतात ते. बार्नॅकल. कालवासारखंच चुन्याचं कवच, तेच चिकटून राहणं, त्यामुळे पूर्वी त्यांना शिंपल्यांच्या जातवाल्यांत बसवत. १८३० साली जॉन व्हॉन थॉम्प्सनने त्यांच्या पोहणाऱ्या पिल्लांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि कळलं की हे चिंबोरी-कोलंबीचे नातलग. इथे डीएनएची गरज लागली नाही, पिल्लांनीच सांगितलं.

पुढचा धक्का मात्र डीएनएशिवाय बसला नसता. क्युव्हिए, तोच आपल्या गोगलगायीला नाव देणारा, त्याने १८१७ सालच्या ग्रंथात सगळ्या प्राण्यांचे चार मोठे विभाग केले. त्यात वलयावलयांचं अंग असलेले चिखलातले किडे आणि सांध्यासांध्यांचे खेकडे एका घरात ठेवले. दिसायला ते इतकं पटणारं होतं की सुमारे एकशे ऐंशी वर्षं टिकलं. १९९७ साली आगिनाल्डो आणि सहकाऱ्यांनी रायबोसोमच्या जनुकाची अक्षरं वाचून ते घर मोडलं. खेकड्याचे खरे नातलग निघाले गोलकृमी, म्हणजे आपल्या पोटात होणाऱ्या जंतांचं कूळ. दोघांत एक गोष्ट समान आहे: दोघेही वाढताना कात टाकतात. जाळ्यात कधी मऊ चिंबोरी येते, नुकतीच कात टाकलेली; तिचं ते मऊपण हीच त्या नात्याची खूण. आणि मासे पकडायला गळाला लावतात तो वलयांचा चिखलकिडा? तो गेला कालवं, माकूल आणि गोगलगायींच्या शाखेत. म्हणजे गळाला लावलेला किडा कालवाच्या जवळचा, चिंबोरीच्या नव्हे. ज्या वलयांवर आपण इतका भरवसा ठेवला, ती त्या दोघांचं जवळचं नातं सांगत नव्हती.

जेट्टीच्या खांबांवर आणि होडीच्या बुडाला धरलेल्या थरात आणखी एक जीव असतो. मऊ पिशवी, वर दोन तोंडं; दाबली की पाण्याची चिळकांडी उडते. हालचाल नाही, डोकं नाही, डोळे नाहीत. या समुद्रपिचकाऱ्यांना पूर्वी शिंपल्यांच्या जवळचं मानत. १८६६ साली अलेक्सांद्र कोवालेव्स्कीने त्यांच्या पिल्लांत शेपटी पाहिली आणि शेपटीत आधाराचा दांडा. तरीही अंगरचना पाहणाऱ्या अनेकांना पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा सख्खा शेजारी म्हणून माशासारखा दिसणारा लॅन्सलेटच योग्य वाटे. २००६ साली देल्सुक आणि सहकाऱ्यांनी १४६ जनुकं एकत्र वाचली. सख्खी शेजारी ठरली ती समुद्रपिचकारी. माशासारखा लॅन्सलेट एक पायरी मागे गेला. समुद्रपिचकारीचं पिल्लू थोडा वेळ पोहतं, मग डोक्याकडून जागा धरून चिकटतं आणि शेपटी आत ओढून जिरवून टाकतं. त्या शेपटीतला दांडा आणि आईच्या पोटात आपला कणा घडण्याआधी आपल्या पाठीत तयार होणारा दांडा एकाच वारशातले आहेत.